रिसॉर्टच्या खोलीत ढेकूण, सासूबाईंच्या पायाला जखमा – कायद्याने काय करता येईल?

मुग्धा_ठाणे

नमस्कार. इथल्या अनेक धाग्यांवर कायद्याबद्दल नेमकी माहिती मिळते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी थंड हवेच्या एका ठिकाणी गेलो होतो. रिसॉर्ट चांगलं महागातलं होतं, बुकिंग एका अ‍ॅपवरून केलं होतं. नावं लिहीत नाही. रात्री आईंना झोप लागेना. सकाळी पाहिलं तर दंडावर आणि पोटऱ्यांवर ओळीने गांधी उठल्या होत्या. नवऱ्याने गादीचं कव्हर काढलं, तर शिवणीत काळे ठिपके आणि जिवंत ढेकूण. आम्ही लगेच व्हिडिओ काढला. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, झाडी आहे ना आजूबाजूला, डास असतील." व्हिडिओ दाखवल्यावर खोली बदलून दिली, पण लेखी काहीच देईनात. सामान हलवायला आलेला मुलगा हळूच बोलून गेला, की या खोलीची तक्रार आधीही आली होती.

आईंना मधुमेह आहे. खाजवून पोटरीवरच्या जखमा चिघळल्या. अँटिबायोटिक, ड्रेसिंग सगळं झालं, आता कुठे जखमा भरताहेत. घरी बॅगांतून ढेकूण आले असतील या भीतीने पेस्ट कंट्रोल करून घेतलं, ते वेगळंच. रिसॉर्टने आता एका रात्रीचे पैसे परत देऊ केले आहेत, पण "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं लिहून द्यायचं आणि रिव्ह्यू काढून टाकायचा ही अट.

पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्यांना माहीत असताना आईंना त्या गादीवर झोपवलं, हे मला सोडवत नाही. कुठे जावं? वकील करावाच लागतो का?

---

सह्यवेडा

ताई, आधी आईंची काळजी घ्या. आणि काहीही सही करू नका. "पूर्ण व अंतिम तडजोड" असं लिहिलेल्या कागदावर एकदा सही झाली, की पुढे भांडायला जागा फार कमी उरते.

---

अ‍ॅड_नाशिककर

सह्यवेडा यांनी सांगितलेलं आधी पाळा. बाकीचं सविस्तर लिहितो.

तुमचा रस्ता म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत निवास आणि भोजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हॉटेलची खोली कायद्यात बसते का हा वाद कुणी घालू शकत नाही. बुकिंग नवऱ्याच्या नावावर असलं तरी सासूबाई त्या सेवेच्या लाभार्थी आहेत, म्हणजे त्याही ग्राहकच. दोघांनी मिळून तक्रार करावी.

आता मुद्द्याची गोष्ट. कलम २(११) मध्ये 'सेवेतील त्रुटी' म्हणजे काय ते दिलं आहे. निष्काळजीपणामुळे ग्राहकाला झालेलं नुकसान किंवा इजा त्यात येते, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच व्याख्येचा दुसरा भाग लोक वाचत नाहीत: ग्राहकाला सांगायला हवी अशी माहिती जाणूनबुजून दडवणं, हीसुद्धा त्रुटीच. तुमच्या प्रकरणाचा कणा हा आहे. ढेकूण कोणत्याही हॉटेलात येऊ शकतात, अगदी पंचतारांकितसुद्धा. तुमच्या आधीच्या पाहुण्याच्या बॅगेतून आले, असा बचाव हॉटेल करणारच. पण आधी तक्रार आली होती आणि तरीही खोली विकली, एवढं दाखवता आलं तर तो बचाव कोसळतो.

तक्रार ठाण्यातच करता येते. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, हॉटेलच्या गावाला खेटे घालावे लागत. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि मोबदला म्हणजे तुम्ही भरलेलं बिल, मागितलेली भरपाई नव्हे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता.

त्याआधी रिसॉर्टला आणि अ‍ॅपला पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण समोरचा काय उत्तर देतो ते कागदावर येतं. गप्प बसला तर तेही उपयोगी पडतं.

---

न्यूजर्सीकर

अ‍ॅड. साहेबांनी माहिती दडवण्याचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. अमेरिकेत ढेकणांच्या खटल्यांत एका निकालाचा दाखला हमखास दिला जातो. मथायस विरुद्ध अकॉर इकॉनॉमी लॉजिंग, सातवं सर्किट न्यायालय (तिथलं केंद्रीय अपील न्यायालय), २००३, निकाल न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांचा.

शिकागोतल्या अकॉरच्या एका 'मोटेल ६' मध्ये भाऊ-बहीण उतरले होते, त्यांना ढेकूण चावले. खटल्यात जे बाहेर आलं ते वाचून संताप येतो. १९९८ मध्येच कीटकनाशक कंपनीने सगळ्या खोल्या ५०० डॉलरमध्ये फवारून देऊ म्हटलं होतं, मोटेलने नकार दिला. पुढे काही काळ मोटेल बंद ठेवून सगळीकडे फवारणी करावी असं तिथल्या मॅनेजरने सुचवलं, वरिष्ठांनी तेही मानलं नाही. पाहुण्यांनी किडे दाखवले तर ते ढेकूण नसून गोचीड आहेत असं सांगा, अशा सूचना काउंटरवरच्या लोकांना होत्या. उपचार होईपर्यंत भाड्याने देऊ नये असा शेरा असलेली खोलीच या भावंडांना दिली गेली.

ज्युरीने प्रत्येकी ५,००० डॉलर भरपाई आणि त्यावर १,८६,००० डॉलर दंडात्मक भरपाई दिली. मोटेलमध्ये १९१ खोल्या होत्या. दोन्ही रकमांची बेरीज १,९१,०००, म्हणजे खोलीमागे हजार डॉलर. दंडाची रक्कम भरपाईच्या ३७ पट होते म्हणून मोटेलने अपील केलं. पॉस्नर यांनी रक्कम कायम ठेवली. प्रत्येक पाहुण्याचं नुकसान छोटं असतं, त्यामुळे सहसा कुणी खटला भरत नाही, आणि नेमकं त्याच भरवशावर मालक वर्षानुवर्षं किडे तसेच ठेवून धंदा करतो, असा त्यांचा विचार होता.

मुग्धाताई, तुमच्या मॅनेजरचे "डास असतील" वाचताना मला ते 'गोचीड' आठवले.

---

मुग्धा_ठाणे

न्यूजर्सीकर, वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे दंडात्मक भरपाई मिळते का?

---

अ‍ॅड_नाशिककर

मिळू शकते. कलम ३९ मध्ये भरपाईची तरतूद आहे आणि तिथेच जिल्हा आयोगाला योग्य वाटल्यास दंडात्मक भरपाई देण्याचा अधिकार दिला आहे. पण अमेरिकेतले आकडे डोळ्यांसमोर ठेवू नका. आपले आयोग साधारणपणे बिलाचा परतावा, औषधोपचाराचा सिद्ध झालेला खर्च, शारीरिक-मानसिक त्रासाची एक रक्कम आणि तक्रारीचा खर्च देतात. घरच्या पेस्ट कंट्रोलची पावती असेल तर तीही मागणीत धरा.

जवळचं उदाहरण देतो. मंगळूर-बंगळूर स्लीपर बसमध्ये २०२२ साली एका प्रवासी महिलेला ढेकूण चावले. दक्षिण कन्नड जिल्हा आयोगाने एक लाखाच्या वर रक्कम द्यायला लावली, आणि बसवाल्याबरोबर तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपलाही जबाबदार धरलं. "आम्ही फक्त मध्यस्थ" हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून अ‍ॅपला दुसरा सामनेवाला करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्यांच्याकडे लेखी तक्रार टाकून ठेवा.

---

डॉ_निशिगंधा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वैद्यकीय बाजू थोडी सांगते, कारण अशा तक्रारी अनेकदा कागदांपाशी अडखळतात.

एकाच पलंगावर झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर फोड आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच नाही, असं नेहमी दिसतं. ढेकणाच्या चाव्याला शरीर किती प्रतिसाद देतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींना तर पुरळ अनेक दिवसांनी उठतं. त्यामुळे "तुमच्या मिस्टरांना कसं काही झालं नाही?" या प्रश्नाने गोंधळू नका.

ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतात असं सिद्ध झालेलं नाही. खरा धोका खाजेचा. खाजवून त्वचा फाटते, जंतू शिरतात, आणि मधुमेह असेल तर ते गंभीर होतं. तुमच्या सासूबाईंचं नेमकं हेच झालं.

डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना "अमुक हॉटेलातल्या ढेकणांमुळे" असं लिहून मागू नका. ते कुणी प्रामाणिक डॉक्टर लिहिणार नाही, कारण आम्ही तिथे नव्हतो. कीटकदंशाशी सुसंगत पुरळ, त्यावर झालेला जंतुसंसर्ग, रुग्णाने सांगितलेला इतिहास आणि तारीख, एवढं असलं की पुरे. पहिल्या तपासणीचा कागद सर्वांत महत्त्वाचा. जखमांचे फोटो बरं होईपर्यंत काढत राहा.

---

चादर_उशी

मी मोठ्या हॉटेलांत हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. जे कागद हॉटेलात नक्की असतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला नाव घेऊन मागता येतील.

हाउसकीपिंगची लॉगबुक असते. पाहुण्याने काउंटरवर तक्रार केली की तिथल्या नोंदवहीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती चढते. खोली बंद ठेवली तर 'आउट ऑफ ऑर्डर' असं टाकतात आणि कारण लिहितात. पेस्ट कंट्रोलवाला आला की प्रत्येक वेळी जॉब कार्ड भरतो: कोणत्या खोल्या, कोणतं औषध, काय आढळलं, पुढची भेट कधी. हॉटेल आयोगापुढे वार्षिक कंत्राटाचं गुळगुळीत प्रमाणपत्र ठेवेल. ते बघून समाधान मानू नका, जॉब कार्ड मागा. वार्षिक कंत्राट बहुतेक झुरळं आणि उंदरांसाठी असतं. ढेकणांचं काम वेगळं असतं आणि त्याचे पैसेही वेगळे लागतात.

दुसरं. एका खोलीत ढेकूण निघाले की शेजारच्या दोन्ही खोल्या, वरची आणि खालची तपासायची, हा साधा शिरस्ता आहे. पलंगाच्या डोक्याकडची फळी भिंतीवरून उतरवून मागे बघायचं. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी पुन्हा फवारणी करावीच लागते. त्यांनी दुसऱ्या फेरीआधी खोली विकली का, हे तारखांवरून कळेल. मोसमात खोली रिकामी ठेवायला वरून परवानगी मिळत नाही. खालच्या मुलांना सगळं माहीत असतं आणि बोलायची सोय नसते. ज्या मुलाने तुम्हाला सांगितलं त्याचं नाव कुठेही घेऊ नका ही विनंती. त्याची नोकरी जाईल.

---

मुग्धा_ठाणे

त्याचं नाव आम्हाला माहीतही नाही, आणि असतं तरी घेतलं नसतं. पण मग आधीची तक्रार सिद्ध कशी करायची?

---

अ‍ॅड_नाशिककर

चादर_उशी, तुमचा प्रतिसाद छापून फाइलला लावावा असा आहे.

मुग्धाताई, दोन वाटा. एक, वर सांगितलेली कागदपत्रं हजर करायला लावावीत असा अर्ज आयोगाकडे करायचा. खोली क्रमांक आणि आधीचे सहा महिने असा कालावधी घालून मागा, मोघम मागितलं तर मोघमच मिळतं. कागद असून दाखवले नाहीत तर त्यांच्याविरुद्ध अनुमान काढावं, असं म्हणता येतं. दुसरी वाट, जुने रिव्ह्यू. तुमच्या मुक्कामाआधी कुणी ढेकणांबद्दल लिहिलं असेल आणि त्याखाली "दिलगीर आहोत, लक्ष घालू" असं हॉटेलचं उत्तर असेल, तर त्यांना माहीत होतं याचा तो त्यांचाच कबुलीजबाब. तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढा, रिव्ह्यू नाहीसे होतात. फोटो, व्हिडिओ, स्क्रीनशॉट यांच्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली प्रत नको.

---

मुग्धा_ठाणे

आत्ताच शोधलं. आमच्या आधी एका कुटुंबाने लिहिलं आहे: "बिछान्यात किडे, मुलाला पुरळ." खाली हॉटेलचं उत्तर आहे, की हाउसकीपिंगला कळवलं आहे. हात थरथरताहेत लिहिताना.

आमच्या नवऱ्याने त्याच सकाळी खोलीतूनच त्यांच्या मेलवर फोटो पाठवले होते, तेही आहेत.

---

सह्यवेडा

त्या मेलची वेळच तुमच्या बाजूने बोलेल. चेक-आउटनंतर कुणी घरी बसून बनाव रचला असं म्हणता येणार नाही.

---

देवगडचा_यजमान

आमचं कोकणात छोटं होमस्टे आहे. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी केलेली आहे. धागा वाचून धास्ती वाटली म्हणून विचारतो. आमच्याकडे कौलारू घर, मागे बाग, शेजारी चिऱ्याचा गडगा. पावसाळ्यात विंचू-काट्याची भीती असते. आम्ही पलंग भिंतीपासून लांब ठेवतो, सांजेला खोली झाडतो, पादत्राणं झटकून घाला असं पाहुण्यांना येताक्षणी सांगतो. तरी एखाद्याला विंचू चावलाच तर आम्हीही असेच अडकणार का?

---

अ‍ॅड_नाशिककर

नाही, आणि हा फरक सगळ्यांनीच समजून घ्यावा. यजमानाने किडा अजिबात येऊ देऊ नये असं कायदा म्हणत नाही. वाजवी काळजी घेतली का, धोका सांगितला का, इजा झाल्यावर काय केलं, हे बघितलं जातं. तुम्ही पाहुण्यांना आधी सांगता, ही माहिती दडवण्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. ते छापून खोलीत लावा. आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, रात्री गाडी कोण देईल, हे ठरलेलं असू द्या. चावल्यावर पाहुण्याला सकाळपर्यंत ताटकळत ठेवलं तर मात्र जबाबदारी येईल.

---

डॉ_निशिगंधा

याला जोडून: कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा वापर रूढ केल्यावर त्यातले मृत्यू खूप घटले. पण औषध वेळेत मिळायला हवं, झाडपाला आणि मंत्रात वेळ घालवू नका.

---

लेस्टरवासी

इंग्लंडमधून लिहिते. इथे ग्राहक हक्क कायदा, २०१५ नुसार सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने द्यावी लागते. विमान आणि हॉटेल मिळून पॅकेज घेतलं असेल तर परदेशातल्या हॉटेलच्या चुकीसाठीही पॅकेज विकणाऱ्या कंपनीकडे मागता येतं, २०१८ च्या पॅकेज नियमांनुसार. इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत. भारतात सुट्टीला येणारे आपले लोक हे विसरतात आणि परत गेल्यावर नुसते हळहळतात. बॅग उघडण्याआधी बुकिंगचा कागद उघडा.

---

खवय्या_परळ

थोडं अवांतर. हॉटेलच्या जेवणघरात झुरळं-उंदीर दिसले तर?

---

अ‍ॅड_नाशिककर

तिथे अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो, तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. अस्वच्छ जागी अन्न बनवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खोलीतल्या ढेकणांसाठी मात्र हा कायदा नाही. तिथे परवान्याच्या अंगाने पालिकेच्या आरोग्य विभागाला लिहा, तपासणीचा अहवाल आला तर तुमच्याच फाइलला जोडता येतो. पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. धोकादायक रोग पसरवण्याचं कलम ढेकणांना लागू पडत नाही, हे डॉक्टरांच्या प्रतिसादावरून कळेलच.

---

रुपाली_मिरज

मुग्धाताई, रिव्ह्यू काढायला लावतात तर बदनामीचा दावा ठोकतील का हो? मला एकदा अशी धमकी मिळाली होती, म्हणून विचारते.

---

अ‍ॅड_नाशिककर

खरं, पुराव्यासकट आणि लोकहितासाठी लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. "चोर आहेत, लुटारू आहेत" असं न लिहिता तारीख, खोली, काय दिसलं, काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा. विशेषणं काढली की वाक्य जास्त टिकतं.

तसंच नोंदणीच्या कागदावर "कोणत्याही इजेला हॉटेल जबाबदार नाही" असं छापलेलं असलं तरी खचू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात, पार्किंगच्या कुपनावर 'गाडीमालकाच्या जोखमीवर' छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असं म्हटलं. ते प्रकरण चोरीला गेलेल्या गाडीचं होतं, पण युक्तिवादात हाच धागा पकडता येतो.

---

मुग्धा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एका रात्रीचा परतावा नाकारल्याचा मेल आज पाठवला. नोटिशीचा मसुदा घरी बसून लिहिते आहे. एकच शंका: १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करावा का?

---

अ‍ॅड_नाशिककर

करा, फुकट आहे, आणि काही कंपन्या त्या टप्प्यावर मिटवतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे गेलेला वेळ तुमच्या दोन वर्षांतूनच जातो. मसुद्यावर कुणाची नजर फिरवून हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीत मार्गदर्शन मिळतं.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. दाखल झाल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, वाढवून फार तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. ही तारीख डायरीत लिहून ठेवा आणि उलटली की लगेच निदर्शनास आणा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागून त्यांनी अपील केलं तर रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. आणि आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीची दरखास्त, शिवाय कलम ७२ खाली तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

---

रुपाली_मिरज

आईंना प्रत्येक तारखेला आयोगात जावं लागेल का? पायाची अशी अवस्था असताना?

---

अ‍ॅड_नाशिककर

नाही. त्यांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, मुग्धाताईंच्या मिस्टरांना अधिकारपत्र द्यायचं. कलम ३८ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची सोय आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. तक्रारीबरोबरच जोडा आणि डॉक्टरांचा कागद त्याला लावा.